कानात टिक-टिक, समोर भिंत : याला ‘एकत्र वाजवणं’ म्हणायचं का?

गजगामिनी | १३ एप्रिल २०२०, २३:४०

काल ईस्टर झाला. मी नेदरलँड्समध्ये युट्रेख्तला राहते. आपल्याकडे गणपतीत जशी गल्लोगल्ली आरती, तशी इथे ईस्टरच्या आधी गावोगावी बाखची ‘मॅथ्यू पॅशन’ (येशूच्या अखेरच्या दिवसांवरची मोठी गायन-रचना) असते. नार्डेनच्या मोठ्या चर्चमध्ये तर १९२२पासूनची परंपरा. यंदा कोरोनामुळे सगळीकडे शुकशुकाट.

आमचा एक हौशी चेंबर ऑर्केस्ट्रा आहे. म्हणजे छोटेखानी वाद्यवृंद. आम्ही बावीस जण, बहुतेक तंतुवाद्यं, शिवाय फुंकून वाजवायचे दोन ओबो, दोन हॉर्न. कंडक्टर नाही. मी व्हायोला वाजवते (व्हायोलिनची थोरली बहीण, जिच्यावर उरलेला ऑर्केस्ट्रा विनोद करतो). दर मंगळवारी एका शाळेच्या हॉलात तालीम, मध्ये कॉफी आणि घशात अडकणारी बिस्किटं. मार्चच्या मध्यापासून मंगळवार बंद.

आधी मीटिंगच्या ॲपवर तालीम करून पाहिली. एकाच वेळी बावीस वेगवेगळे मोझार्ट ऐकू आले. त्यात ते ॲप माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं. मी लांब सूर धरला की त्याला तो पंख्याचा आवाज वाटायचा आणि ते मला गप्प करायचं.

मग ठरलं की प्रत्येकाने घरी वेगळं रेकॉर्ड करून पाठवायचं. मोझार्टच्या २९व्या सिम्फनीतला मिन्युएट (नाचाच्या चालीचा छोटा भाग). आमच्या लीडरने, म्हणजे पहिल्या व्हायोलिनवालीने, आधी स्वतः वाजवून पाठवलं. एका कानात मेट्रोनोमची (लय मोजणाऱ्या यंत्राची) टिक-टिक, दुसऱ्या कानात ती, समोर भिंत. बैठकीच्या खोलीत आवाज घुमतो म्हणून मी कपड्यांच्या कपाटात तोंड खुपसून वाजवलं. गज शेवटपर्यंत ओढला की हँगर खडखडायचे. तेरावा टेक पाठवला.

एक गोष्ट मात्र झाली. सुरुवात करण्याआधी आमची लीडर नाकाने जोरात श्वास घेते, ‘स्फ्फ’. कंडक्टर नसल्यामुळे तालमीत आम्ही सगळे त्या श्वासावरच उचलतो. हेडफोनात तो इतका जवळून आला की मी दचकले.

व्हिडिओ झाला. चार मिनिटं, बावीस चौकटी. आईने पुण्याहून फोन केला, “किती छान एकत्र वाजवताय गं सगळे!” तिथे मी अडकले. एकत्र कुठे? मी कपाटात होते.

२० मार्चला रॉटरडॅम फिलहार्मोनिकच्या १९ वादकांनी घरून वाजवलेली बेथोवनची नववी सिम्फनी आली, ती पाहून मी ढसाढसा रडले होते. आता असला व्हिडिओ आतून कसा बनतो ते पाहिल्यावर फसवल्यासारखं वाटतंय. म्हणून विचारते, याला एकत्र वाजवणं म्हणाल का?

अनुस्वार | १३ एप्रिल २०२०, २३:५८

वाचतेय. कपाटाचा फोटो टाक.

चकलीचा_सोऱ्या | १४ एप्रिल २०२०, ००:०६

आमच्याकडे २२ मार्चला संध्याकाळी पाचला अख्ख्या सोसायटीने थाळ्या वाजवल्या. कानात टिक-टिक नाही, लीडर नाही, तालीम नाही. एकत्र मात्र होतो.

मिक्सर_मोडला | १४ एप्रिल २०२०, ००:४५

ताई, ठाण्याहून एक ध्वनिवाला. ॲपला दोष देऊ नका, गणितच तुमच्या विरोधात आहे.

आवाज हवेत सेकंदाला ३४३ मीटर जातो. म्हणजे स्टेजवर तुमच्यापासून दहा मीटरवर बसलेल्याचा सूर तुमच्याकडे २९ मिलिसेकंद उशिरा येतो. साधारण २५-३० पर्यंत माणूस सांभाळून घेतो. त्यापुढे मी तुझी वाट बघतो, तू माझी बघ असं सुरू होतं आणि लय बसकण मारते. घरच्या इंटरनेटवर मीटिंगच्या ॲपमधून आवाज जायला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. म्हणजे साथीदार तुमच्यापासून पस्तीस ते सत्तर मीटरवर बसलाय असं समजा. दादर स्टेशनच्या एका पुलावर तुम्ही, आणि खाली फलाटावर बरंच पुढे तो.

आता कोणी म्हणेल चांगलं इंटरनेट घ्या. तर काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते ॲम्स्टरडॅम सरळ रेषेत सात हजारांच्या आसपास. नुसते जायलाच ३५ मिलिसेकंद, तेही तार सरळ असेल तर. ती सरळ नसतेच. थोडक्यात, युट्रेख्तच्या व्हायोलाची ठाण्याच्या पेटीशी थेट जुगलबंदी जमणं अवघड, कंपनी कुठलीही असो.

एकाच शहरात असाल तर मार्ग आहे. जॅमुलस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, स्टॅनफर्डमध्ये तयार झालेलं जॅकट्रिप आहे. दोन्ही चित्राचा नाद सोडून फक्त आवाज लवकर पोचवण्याचं बघतात. वायफाय नको, तार लावा. बावीस जणांना ते जमवायला मात्र बावीस भाचे लागतील.

गजगामिनी | १४ एप्रिल २०२०, ०८:१२

भाचे! आमच्यात चौदा जण साठीच्या पुढचे आहेत. आमच्या डबल बासवाल्या आजोबांना रेकॉर्डिंगचं बटण कुठलं हे सांगायला मी त्यांच्या खिडकीखाली सायकल लावून उभी होते.

बाकी ते फलाटाचं उदाहरण आमच्या ग्रुपवर डच करून टाकलंय. दादरच्या जागी युट्रेख्त सेंट्राल.

खडूस_सदाशिव | १४ एप्रिल २०२०, १०:३०

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. हे सगळं ‘आम्ही पण आहोत हं’ असं दाखवणं आहे. पहिला व्हिडिओ चांगला होता. त्यानंतर रोज तीन येतायत, त्याच चौकटी, मागे तेच पुस्तकांचं कपाट, शेवटी तेच हात हलवणं. संगीत म्हणून ऐकायचं तर माझ्याकडे तबकड्या आहेत, दसपट चांगल्या.

दुसरं म्हणजे हे फुकट आहे. बर्लिन फिलहार्मोनिकने आपला डिजिटल कॉन्सर्ट हॉल महिनाभर मोफत उघडला, सगळ्यांनी वाहवा केली. त्यांना पगार आहे. ज्या फुटकळ वादकाचे एप्रिल-मेचे वीस कार्यक्रम बुडाले, तो काय खाणार? लोकांना एकदा फुकटची सवय लागली की तिकिटाच्या वेळी खिशात हात जात नाही.

अनुस्वार | १४ एप्रिल २०२०, १०:४१

सदाशिवराव, तुम्ही तो फुकटचा कॉन्सर्ट हॉल बघताय ना पण?

खडूस_सदाशिव | १४ एप्रिल २०२०, १०:४४

बघतोय. आक्षेप घ्यायला बघावं लागतं.

ठेकेदार | १४ एप्रिल २०२०, २१:२०

फ्रीमाँटहून. मी दहा वर्षं तबल्याचे वर्ग स्काइपवर घेतोय, त्यामुळे लोक आत्ता जे शोधतायत ते आमचं जुनं दुखणं आहे. गुरू-शिष्य एकदम वाजवू शकत नाहीत हे पहिल्या आठवड्यात कळतं. मग शिकवण्याची रीत बदलते. मी बोल म्हणतो, गप्प बसतो, विद्यार्थी वाजवतो. लेहरा (ताल धरून फिरत राहणारी धून) त्याच्या खोलीतल्या मशीनवर लागतो. माझ्याकडे त्याची सम उशिरा येते, त्यामुळे त्याच्याबरोबर हात देता येत नाही. दोष दिसतात, पण वाजवता वाजवता नुसत्या मानेने ‘हां, असा’ म्हणण्याची सोय गेली.

आता मूळ प्रश्न. गेल्या आठवड्यात मित्राच्या गाण्याला असाच मागून तबला लावला. त्याने ॲपच्या ठेक्यावर गाऊन पाठवलं, मी वरून खरा तबला भरला. ऐकायला ठीक. पण गाताना तो एका जागी अर्धी मात्रा रेंगाळला. समोर असतो तर मी त्याच्याकडे बघून ती जागा सोडली असती. त्याच्या कानात मशीन होतं, मशीनने सोडली नाही, तो घाईने समेवर आला. ती घाई कायमची रेकॉर्ड झाली. माझ्या मते साथ म्हणजे ती सोडलेली अर्धी मात्रा. म्हणून माझं उत्तर ‘नाही’.

पेटीवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं. ते तसेही गायकाच्या अर्धं पाऊल मागून येतात.

चकलीचा_सोऱ्या | १४ एप्रिल २०२०, २१:२६

पेटीवाले येतील आता. मी भडंग घेऊन बसलो.

नाना_गिरगाव | १५ एप्रिल २०२०, ०६:१५

नातीने टंकून दिले आहे, चुका तिच्या.

मी १९७२ ते १९८९ हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवले. शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ. सुरुवातीला सत्तर-ऐंशी माणसे एका हॉलात, गायिका काचेच्या खोलीत, आणि सगळे एकदम. शेवटच्या ओळीत कोणी चुकला की पहिल्यापासून. त्यामुळे चुकणाऱ्याकडे सगळे कसे बघत ते सांगण्यासारखे नाही. नोटेशन लिहून देणारे बहुतेक गोव्याचे. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा ही त्यातली मोठी नावे.

पुढे ट्रॅक आले. आज ऱ्हिदम, उद्या व्हायोलिने, परवा गायिका. कानात हेडफोन, त्यात टिक-टिक. ज्या गाण्यांत वाजवले त्यांतल्या कित्येक गायक-गायिकांना मी पाहिलेसुद्धा नाही. पण आजही रिक्षात गाणे लागले की शेजारचा म्हणतो, “वा, काय साथ आहे!” मी काही बोलत नाही.

तेव्हा गजगामिनीबाई, तुमच्या आधी आम्ही कपाटात जाऊन आलो. फरक एवढाच की आम्हाला पाकीट मिळायचे.

गजगामिनी | १५ एप्रिल २०२०, ०९:०२

नाना, दंडवत. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. म्हणजे ज्या गाण्यांवर आपण वाढलो त्यातली निम्मी ‘चौकटीतली’च होती, फक्त चौकटी दाखवल्या नव्हत्या?

मिक्सर_मोडला | १५ एप्रिल २०२०, ०९:३०

निम्मी म्हणजे कमीच सांगितलंत. नव्वदनंतर तर जवळजवळ सगळी.

मांडवीकाठ | १५ एप्रिल २०२०, १४:१०

नानांनी गोव्याचं नाव काढलं म्हणून पणजीहून लिहितो. माझा आजोबा गावच्या इगर्जेच्या (चर्चच्या) शाळेत मेस्ताकडे, म्हणजे संगीतशिक्षकाकडे, सोल्फेज (लिहिलेले सूर वाचून गाणं) शिकला, अक्षरओळखीच्या आधी. व्हायोलिन हातात आलं ते त्यानंतर. मुंबईला गेला, परत आला, आणि मरेपर्यंत फेस्ताला (चर्चच्या सणाला) आणि मयताला वाजवलं.

तो सांगायचा, मयताच्या बँडात चालत वाजवावं लागतं. पुढच्या ट्रंपेटवाल्याचा सूर मागच्या ढोलवाल्याला उशिरा पोचतो (मिक्सरभाऊंचं गणित!), म्हणून ऐकून वाजवायचं नाही, पुढच्याच्या खांद्याकडे बघून वाजवायचं. खांदा वर गेला की ठोका. आवाजापेक्षा खांदा लवकर पोचतो.

यंदा फेस्त नाहीत. शवयात्रेला माणसं मोजकी, बँड कुठला. जुन्या गोव्यातल्या मॉन्तच्या कपेलात (छोट्या चर्चमध्ये) दरवर्षी संगीत महोत्सव भरतो, त्याचं पुढे काय होतंय देव जाणे.

रात्रपाळी | १७ एप्रिल २०२०, ०४:५०

लीड्स. नर्स आहे. फार लिहायला वेळ नाही.

परवा साडेतीनच्या ब्रेकमध्ये रॉटरडॅमवाला तो व्हिडिओ पाहिला. इअरफोन लॉकरमध्ये राहिले होते आणि शेजारी दोघी खुर्चीत झोपलेल्या, म्हणून आवाज बंद ठेवून पाहिला. पूर्ण. एकत्र वाजवणं आहे की नाही ते तुम्ही ठरवा. गज सगळ्यांचे एकदम वर जात होते.

गजगामिनी | १७ एप्रिल २०२०, ०८:२०

रात्रपाळी, काळजी घे गं.

आणि तू जे पाहिलंस ते योगायोगाने होत नाही. गज कुठल्या सुरावर खाली ओढायचा, कुठल्या वर ढकलायचा, हे प्रत्येक विभागाचा प्रमुख पेन्सिलने आधी लिहून देतो. आमच्याकडे त्यावरून भांडणं होतात. मिन्युएटच्या एका मापासाठी, म्हणजे जेमतेम तीन मात्रांसाठी, वीस मिनिटं. कपाटात असतानाही माझ्या स्टँडवर तोच कागद होता, लीडरच्या हस्ताक्षरातला, कॉफीच्या डागासकट. हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता.

मेलबर्नमामी | २० एप्रिल २०२०, १३:३५

सदाशिवरावांच्या फुकटच्या मुद्द्याला उत्तर. आमच्याकडे मार्चअखेरीस मेलबर्न डिजिटल कॉन्सर्ट हॉल सुरू झालाय. दोघांनी काढलाय, दोघंही याच क्षेत्रातले. वादक रिकाम्या सभागृहात येऊन थेट वाजवतात, आपण घरून तिकीट काढून बघतो. तिकीट विकत, आणि पैसा वादकाला. ठरलेल्या वेळी लॉग-इन करायचं, नाहीतर गेलं. मी काल साडी नेसून बसले होते. नवरा म्हणाला, कॅमेरा तुझा नाही, त्यांचा आहे.

सिडनीचा ऑस्ट्रेलियन चेंबर ऑर्केस्ट्राही ‘होमकास्ट’ म्हणून घरून वाजवलेलं टाकतोय. ते फुकट आहे. दोन्ही बघते. पण तिकीट काढलेलं असलं की मी मध्ये भाजी चिरायला उठत नाही, एवढं खरं.

खडूस_सदाशिव | २० एप्रिल २०२०, १५:००

मामी, हे पटलं. लिहून ठेवा, पुन्हा होणार नाही.

गजगामिनी | २९ एप्रिल २०२०, १९:१०

संतापून लिहितेय. आमचा मिन्युएट एका मोठ्या व्हिडिओ संकेतस्थळावर टाकला होता. आज आवाज बंद! निरोप आलाय की हे ध्वनिमुद्रण अमुक कंपनीच्या मालकीचं आहे. मोझार्ट १७९१ साली गेला. आमच्या बावीस जणांपैकी कोणाचा कोणत्याही कंपनीशी संबंध नाही. मी कपाटात उभी राहून वाजवलंय!

मिक्सर_मोडला | २९ एप्रिल २०२०, १९:४०

मोझार्टवर हक्क कोणाचाच नाही, पण त्याच्या बहुतेक रेकॉर्डिंगांवर कोणाचा ना कोणाचा असतो. मशीनकडे त्या रेकॉर्डिंगांचे ठसे असतात. तुमचेही सूर तेच, क्रम तोच, लय जवळपास तीच. मशीनला बिचाऱ्याला वाटतं चोरीच आहे. सध्या जगभर घरून वाजवणाऱ्या शास्त्रीय वादकांची हीच तक्रार आहे. हरकत नोंदवा, माणसाने पाहिलं की सुटतं.

ठेकेदार | २९ एप्रिल २०२०, २०:०५

मी याच्याकडे प्रशस्तिपत्र म्हणून बघेन. हौशी ऑर्केस्ट्रा आणि मशीनला वाटलं व्यावसायिक!

चकलीचा_सोऱ्या | २९ एप्रिल २०२०, २०:११

माझ्या गाण्यावर आजवर कोणीही हक्क सांगितलेला नाही.

अनुस्वार | ३ मे २०२०, ११:२५

परवा, १ मेला, बर्लिन फिलहार्मोनिकचा युरोपा कॉन्सर्ट पाहिला का कोणी? खरं तर तो तेल अवीवला व्हायचा होता. झाला त्यांच्याच रिकाम्या हॉलात, कंडक्टर किरील पेट्रेंको, आणि स्टेजवर जास्तीत जास्त पंधरा माणसं, लांब लांब बसवलेली. महालरची चौथी सिम्फनी! एरवी ज्याला स्टेज भरून माणसं लागतात ती चेंबर ऑर्केस्ट्रासारखी वाजवली. एर्विन श्टाइनने १९२१ साली केलेली छोटी आवृत्ती.

मग त्या आवृत्तीची कहाणी शोधली. व्हिएन्नात संगीतकार शोनबर्गने १९१८ साली एक खाजगी संगीत मंडळ काढलं होतं. पैसा नाही, मोठा ऑर्केस्ट्रा परवडत नाही, म्हणून मोठ्या रचना मूठभर वाद्यांत बसवायचे. आणि तिथला नियम काय, तर टाळ्या वाजवायच्या नाहीत! पसंती-नापसंती काहीच दाखवायची नाही. शंभर वर्षांनी तीच आवृत्ती अशा हॉलात वाजली जिथे टाळ्या वाजवायला कोणी नव्हतंच. शेवटचा सूर विरला आणि नुसती शांतता. माझ्या अंगावर काटा आला.

आणि हो, हे सगळे एकाच हॉलात होते. कानात टिक-टिक नव्हती. ऐकताना फरक कळतो का? मला कळला. की कळल्यासारखा वाटला?

नाना_गिरगाव | ३ मे २०२०, १७:००

कळतो. लांब बसले तरी श्वास दिसतो.

(आजोबांनी एवढंच सांगितलं आणि चहा मागितला. – नात)

पार्लेपूर्व | १६ मे २०२०, १२:१५

वातावरण बिघडवत नाही, पण डॉक्टर म्हणून लिहायलाच हवं. ‘कधी एकदा भेटून वाजवतो’ असं सगळ्यांना झालंय. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १० मार्चला एका गायकवृंदाची तालीम झाली, ६१ जण होते. ५३ आजारी पडले, दोन दगावले. या आठवड्यात तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने अहवाल दिलाय. अडीच तास बंद खोलीत गाणं. तंतुवाद्यं त्या मानाने बरी, मास्क लावून वाजवता येतात. ओबो-हॉर्नवाल्यांचं अवघड आहे. तेव्हा कपाटात राहा अजून थोडे दिवस.

जुनी मुंबईकर म्हणून अवांतर: आपल्याकडेही बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा १९६२पासून आहे, हे नव्या पिढीला ठाऊक नसतं. एनसीपीएचा (मुंबईतल्या कलासंस्थेचा) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला, २००६ला.

मांडवीकाठ | २५ जून २०२०, २२:४०

बार्सिलोनाचं वाचलंत? २२ जूनला तिथल्या लिसेऊ ऑपेराघरात चार जणांनी पुच्चिनीची रचना वाजवली. श्रोते २,२९२. सगळी झाडं! प्रत्येक खुर्चीत कुंडी. नंतर ती झाडं आरोग्य कर्मचाऱ्यांना भेट दिली.

चकलीचा_सोऱ्या | २५ जून २०२०, २२:४४

मोबाइल वाजला नाही, खोकला नाही, मध्येच उठून कोणी गाडी काढायला गेलं नाही. आदर्श श्रोते.

खडूस_सदाशिव | २५ जून २०२०, २३:०१

रात्रपाळीताईंना एक झाड मिळालं असतं तर बरं झालं असतं.

चकलीचा_सोऱ्या | २३ ऑगस्ट २०२०, २१:३०

धागा वर काढतोय. काल गणपती बसले. झूमवर आरती केली, चार देश. पुण्याची आरती संपून मंत्रपुष्पांजली सुरू झाली तेव्हा न्यू जर्सी दुसऱ्या कडव्यात होतं, आणि दुबईच्या काकांनी म्यूट न करता झांजा लावल्या. मिक्सरभाऊ, हे किती मिलिसेकंद?

मिक्सर_मोडला | २३ ऑगस्ट २०२०, २१:५०

हे मिलिसेकंदांत मोजत नाहीत. याला श्रद्धा म्हणतात. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

मेलबर्नमामी | २ जानेवारी २०२१, १०:२०

व्हिएन्नाचा नववर्षाचा कार्यक्रम पाहिला. रिकाम्या म्युझिकफेराइन सभागृहात, कंडक्टर रिकार्दो मुती. जगभरातल्या लोकांनी आधी नावं नोंदवली होती, त्यांच्या टाळ्या इंटरनेटवरून थेट हॉलात सोडल्या. मीही नाव दिलं होतं. फोनसमोर उभी राहून टाळ्या वाजवल्या, कुत्रा भुंकायला लागला. व्हिएन्नात भुंकणं पोचलं का माहीत नाही.

तिकडे पुण्यात सवाई नाही, डिसेंबर रिकामा गेला. दरवर्षी त्याच तारखांना विमान काढायचे.

ठेकेदार | १५ मार्च २०२१, ०७:४५

यो-यो मा या प्रसिद्ध चेलोवादकाने लसीचा दुसरा डोस घेतला आणि नंतरची पंधरा मिनिटं तिथेच खुर्चीवर बसून चेलो वाजवला. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉलेजचं लसीकरण केंद्र. स्टेज नाही, कॅमेऱ्याची मांडणी नाही, दंड दुखत असलेली माणसं लांब लांब बसलेली. एप्रिलमध्ये मी इथे ‘नाही’ लिहिलं होतं. उत्तर बदललं नाही, पण आता तेवढ्या जोरात म्हणत नाही.

गजगामिनी | १६ मे २०२२, २३:१५

दोन वर्षांनी पुन्हा मीच. काल आमचा पहिला पूर्ण कार्यक्रम झाला. तोच मिन्युएट, आणि या वेळी अख्खी सिम्फनी. एकोणीस जण होतो. एका हॉर्नवाल्याने वाद्य विकलं, एक ओबोवाली दुसऱ्या गावी गेली. आणि डबल बासवाले आजोबा गेल्या वर्षी जानेवारीत गेले. ज्यांच्या खिडकीखाली मी उभी होते ते.

त्या व्हिडिओत ते शेवटच्या ओळीत उजवीकडे आहेत. गंमत अशी, की आठ वर्षं मी त्यांच्याबरोबर वाजवलं आणि त्यांचा चेहरा वाजवताना कधी पाहिला नव्हता. बास मागे असतो, माझी पाठ त्यांच्याकडे. चौकटीत प्रथम दिसलं की मोजताना ते ओठ हलवतात.

व्हिडिओ जुळवणाऱ्या मुलाकडे प्रत्येकाचा ट्रॅक वेगवेगळा होता. त्याने आजोबांच्या बायकोला नुसता त्यांचा ट्रॅक दिला. काल तिने आम्हाला ऐकवला. चार मिनिटं डुम्, डुम्, आणि मध्ये विराम. विरामात मागे घड्याळ, आणि एका जागी स्वयंपाकघरात किटलीची शिटी. ती म्हणाली, किटली मी ठेवली होती, यांनी हाताने खूण केली की बंद कर, पण गज हातात असल्याने मला वाटलं वाजवतायत.

काल सुरुवातीला लीडरने ‘स्फ्फ’ केलं. मी उशिरा उचललं. टिक-टिकची वाट बघत होते.

रात्रपाळी | १७ मे २०२२, ०५:०५

वाचलं.

मिक्सर_मोडला | १७ मे २०२२, ०९:१०

ताई, किटल्या, घड्याळं, नाकाचे श्वास, हे सगळं साफ करायचे आम्ही पैसे घेतो. तुमच्या मुलाने मूळ फायली ठेवल्या हे नशीब. मी महिन्याने उडवतो. उडवायचो.

खडूस_सदाशिव | १७ मे २०२२, १०:४०

मिन्युएटची लिंक अजून चालते का? तेव्हा मी पाहिला नव्हता. नुसतंच बोललो होतो.

गजगामिनी | १७ मे २०२२, १३:२०

नाही हो सदाशिवराव. कंपनीने परत दावा ठोकलाय. फाइल व्यक्तिगत निरोपातून पाठवते, शेवटची ओळ, उजवीकडे बघा.